अक्कांची थांबण्याची रीत

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून बेंगळुरूला आले. बालमानसशास्त्राची पदवी नवी होती, शहर अनोळखी होतं. नोकरीसाठी भेटायला गेले तेव्हा डॉ. मालतीबाई, म्हणजे आम्हा सर्वांच्या अक्का, बसवनगुडीतल्या त्यांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात एका लहान मुलीशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. मुलगी मुंग्यांची रांग पाहत होती, अक्काही पाहत होत्या. मला त्यांनी हातानंच बसायला खुणावलं. अंगणात जॅकरांडाची जांभळी फुलं सावकाश उतरत होती. मीही मुंग्या पाहत बसले. तीच माझी मुलाखत होती, हे मागाहून कळलं.

'टेस्ट ट्यूब बेबी' हे शब्द तेव्हा लोक दबक्या आवाजात बोलत. अशा उपचारांनी जन्मलेल्या मुलांची भाषा, स्मरण, समज कशी फुलते, हे अक्का त्यांच्या घरी जाऊन वर्षानुवर्षं पाहत आल्या आहेत.

जयनगरातली चारू तीन वर्षांची होऊनही बोलत नव्हती. कान तपासून झाले होते, दोष नव्हता. असं जन्मलेलं मूल असंच असायचं, असं तिच्या आजी म्हणत. अक्का कित्येक दुपारी त्या घरात नुसत्या बसल्या. पडद्यांतून हिरवट उजेड येई, पंखा संथ फिरे, आणि चारूची नजर जिकडे वळेल तिकडे घरातलं कुणीतरी धावे.

शेवटी तिच्या आईनं विचारलं, "आम्ही हिला असं उपचारांनी जन्माला आणलं, म्हणून झालं का हे?"

"मला तसं दिसत नाही," अक्का म्हणाल्या. "हिला काही मागावंच लागत नाही हो. स्वल्प थांबून बघा."

पुढल्या खेपेला आजींनी संत्र्याची फोड हातातच धरून ठेवली. चारू कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आजी, दे." आजींना रडू आवरेना. पुढचे शब्द यायला महिने लागले, पण त्या घरातली भीती त्या दुपारीच ओसरली.

पुढे एका परिषदेच्या आयोजकांना चारू व्यासपीठावर हवी होती. अक्कांनी नकार दिला, आणि त्यांचं भाषणही रद्द झालं. "निष्कर्ष माझे आहेत, मूल माझं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

माझा गर्भ गेला त्या दिवसांत अक्का रोज संध्याकाळी येत, सारू-भात, म्हणजे इकडचा सार-भात, वाढत, शेजारी बसत. 'पुढच्या वेळी होईल' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

आता नवं शतक उजाडतंय आणि अक्का साठ वर्षांच्या होत आहेत. उपचारांनी जन्मलेली ही मुलं अजून शाळेत आहेत, मोठेपणी ती कशी होतील हे कुणालाच ठाऊक नाही. अक्कांना निरोगी, उदंड आयुष्य लाभावं असं आम्ही मागतो, त्यात थोडा स्वार्थही आहे. या मुलांचे केस पिकू लागतील, तेव्हा त्यांची विचारपूस करायला अक्काच हव्यात.