आखाजीला गेलेल्यांच्या ओळी

मला भांडखोर म्हणतात ते म्हणोत. खडोलीच्या कारखान्यातल्या त्या दुपारी मी भांडले आणि बरोबरच भांडले.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी सिल्वासात चाळीत राहायचे आणि त्या सूत कारखान्यात हजेरीचे प्रोग्रॅम लिहायचे. नोकरी सोडून गेलेल्यांच्या नोंदी काढून टाकणारा जुना प्रोग्रॅम एका माणसाची ओळ शोधायचा, पुसायचा, मग पुढची शोधायला निघायचा. तोवर गेटवरचं पंचिंग मशीन अडून बसायचं आणि पाळीची माणसं उन्हात ताटकळायची. मी नवी प्रोसिजर लिहिली. काढायच्या सगळ्या ओळी आधी निवडून बाजूला ठेवायच्या, मग एकाच हुकमात पुसायच्या. चहा निवायच्या आत काम फत्ते व्हायचं.

मॅनेजरसाहेब इतके खूश झाले की त्यांना भलतंच सुचलं. "महिनाभर कार्ड पंच नाही, तो गेला समजायचं. सगळे डिलीट मारो ने, बेन."

महिना आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा होता. तेव्हा खानदेशी कामगार रीतसर रजा टाकून गावी जातात, लग्नंही उरकून येतात, हे कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं? माझे शेजारी धुळ्याकडचे, वर्षानुवर्षं याच कारखान्यात मशीनवर उभे राहणारे. तेही जाताना दारात सांगून गेले होते, "ताई, आखाजीले जातो. पोरीचं लगीन बी शे." त्यांची ओळ पुसली की आल्यावर नवा नंबर, नवी भरती. कायम व्हायची वाट पुन्हा पहिल्यापासून. साहेबांना नेमकं तेच हवं होतं. माझं डोकंच फिरलं.

"नाही मारणार."

"वापीहून दुसरा माणूस बोलावतो."

"खुशाल बोलवा. पण कुणाच्या ओळी निघतात, ते तर बघा."

पुसायचा भाग बाजूला ठेवून मी नुसती निवड चालवली. पडद्यावर सगळ्यात वर साहेबांचंच नाव. ऑफिसर लोक कार्डाला हात लावत नसत, त्यात त्यांना कमीपणा वाटे.

"मारू डिलीट?" मी विचारलं. काय मजा आली म्हणून सांगू!

"ऑफिसर काढून टाका यातून."

"तुम्ही न पंच करता कामावर, आणि रजेवरचा माणूस गेलेला? ज्याचा लेखी राजीनामा आहे त्याचीच ओळ पुसली जाईल. दुसरी अट हवी तर तसं सही करून द्या."

सही करायची त्यांची छाती झाली नाही. मी माझी अट घातली आणि प्रोसिजर चालवली.

शेजारी परतले, गेटवर कार्ड घातलं. मशीनने जुनाच नंबर घेतला. त्यांना त्यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर ते कायम झाले. कायम केल्याच्या कागदावर साहेबांना सही करावीच लागली. तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. मी मात्र समोर उभी राहून शेवटच्या अक्षरापर्यंत बघत होते.