सत्कारातलं रिकामं पाकीट

दानशूर हा शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं फिरतं. सत्तरच्या दशकात आमच्या नागपुरातल्या विणकर वस्तीत एकच दानशूर होता. ज्याच्या सुतावर आमचे हातमाग चालायचे, तो साड्यांचा शेठ. बाबा त्याच्या साड्या विणत, आई सुताच्या कांड्या भरी.

मी मॅट्रिक पहिल्या वर्गात पास झाले आणि समाजाच्या मेळाव्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि कॉलेजच्या वर्षभराच्या फीचं पाकीट. शेठनं ते फोटोवाल्याकडे तोंड करून दिलं आणि मला पाया पडायला लावलं. घरी येऊन उघडलं तर आत काहीच नव्हतं.

बाबा म्हणाले, "स्टेजवर पैसे कोण देते वं? दुकानातून न्याचे असतात." दरवर्षी असंच चाले, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं.

फी भरायच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं दुकानात गेलो. शेठ गादीवरून हललासुद्धा नाही. "पैसे तर तुह्या उचलीत वळते केले ना गा," तो बाबांना म्हणाला. उचल म्हणजे आजारपणात घेतलेली आगाऊ मजुरी. स्वतःचं येणं वसूल केलं ते केलं, वर पुण्यही पदरात पाडून घेतलं. आणि बाबांनी त्याला हात जोडले.

आई मात्र तिथेच बसली. रामदासपेठेतल्या बड्या घरच्या बाया लग्नाचा बस्ता काढत होत्या. त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, "बाई, या शेठनं माह्या पोरीले फी देतो म्हणून साऱ्या समाजासमोर पाया पडाले लावलं. पाकीट रिकामं निघालं. आता देते का पाहा."

शेठनं गल्ल्यातून नोटा काढून आमच्यापुढे फेकल्या. मी त्या वेचल्या आणि दुपारी फी भरली.

त्यानंतर आम्हाला ना त्यानं सूत दिलं, ना दुसऱ्या व्यापाऱ्यानं. बाबा सायकलरिक्षा ओढू लागले. पुढची सगळी वर्षं माझी फी त्या रिक्षावर निघाली.

मी प्राध्यापिका झाले तेव्हा समाजानं पुन्हा बोलावलं. शेठनं माईक हातात घेतला आणि सांगितलं, "या पोरीले मी शिकवलं." आई उठून मंडपाबाहेर गेली. बाबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून. त्या क्षणी मला शेठपेक्षा बाबांची चीड आली. ती शेठमुळे आली, हे मी त्याला कधीही माफ करणार नाही.