मेश्रामकाकांच्या डाव्या हाताला

"गेले," एवढंच काकू फोनवर म्हणाल्या. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. 'लगेच निघते' म्हटलं, तर पलीकडून कोरडं उत्तर आलं, "आज नको येऊस. नंतर ये." फोन ठेवून मी तिथेच पायरीवर बसले. काका गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्याही आधी मनात आलं ते हे, की सुशीलाकाकू आता मला माफ करणार नाहीत. त्या क्षणी आपलाच विचार सुचावा याची अजून लाज वाटते.

मेश्रामकाका मूळचे नागपूरचे. शिकागोत त्यांनी जन्मभर पुलांच्या तपासणीचं काम केलं आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्रातून शिकायला आलेल्या मुलामुलींना दर रविवारी सकाळी शहर दाखवण्याचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. पायी, आणि फोनमधला नकाशा बंद ठेवून. अकरा वर्षांपूर्वी पुण्याहून आले तेव्हा मीही अशीच त्यांच्या मागून चालले होते, आणि नोकरी लागल्यावरही दर रविवारी जातच राहिले. जुन्या वॉटर टॉवरपासून निघायचं, नदीवरच्या पुलाशी यायचं, पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेकडेने लेकपर्यंत, म्हणजे त्या भल्यामोठ्या सरोवरापर्यंत जायचं आणि तिथून मोठ्या बागेतल्या कारंज्याशी थांबून डब्यातला चिवडा खायचा. वाटेत ऐतिहासिक पाटी आली की कुणीतरी ती मोठ्याने वाचायची, शेवटच्या शब्दापर्यंत. मुलं कुरकुरायची. "माझ्या बापाला गावातली एक पाटी वाचता येत नव्हती," काका म्हणायचे. "तुम्हाला येते ना? मग वाचा."

गेल्या वसंतात एका रविवारी त्यांनी वॉटर टॉवरची पाटी वाचून घेतली, दहा पावलं गेले, परत फिरले आणि तीच पाटी पुन्हा वाचायला लावली. मुलांना ती गंमत वाटली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. मग पुलापाशी ते थांबले... ज्या पुलाचा खिळा न् खिळा त्यांनी तपासला होता, त्याच पुलापाशी डावीकडे बघत, उजवीकडे बघत उभे राहिले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरी, कुठे वळायचं ते आठवूनच नाही राहिलं." मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं, "सुशीलाला सांगू नको. ती मला घरी बसवून ठेवेल."

त्या दिवसापासून मी त्यांच्या डाव्या हाताला चालू लागले. एकदा खोकले की डावीकडे, दोनदा खोकले की उजवीकडे, अशी आमची खूण ठरली. काका ऐटीत वळायचे आणि मागून वरात यायची. "ताई, डॉक्टरला दाखव यार, किती खोकतेस!" असं एका मुलाने म्हटलं तेव्हा काका इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. खऱ्या डॉक्टरचा विषय मी काढला की मात्र 'पुढच्या आठवड्यात' ठरलेलं. प्रत्येक वळणावर मला धास्ती असायची, आणि खरं सांगायचं तर त्या गुपिताचा मला थोडा अभिमानही वाटायचा.

काकूंनी मला तीनदा विचारलं. पहिल्यांदा फोनवर, दुसऱ्यांदा पोळ्या लाटताना, मान वर न करता, आणि तिसऱ्यांदा ऑक्टोबरात, माझ्या गाडीच्या काचेशी वाकून. "बाहेर ठीक असतात ना गं?" तिन्ही वेळा मी 'एकदम मस्त, काकू' म्हणून वेळ मारून नेली.

नोव्हेंबरात एका मैत्रिणीच्या वास्तुशांतीसाठी मी टेक्सासमधल्या फ्रिस्कोला गेले. 'या रविवारचं चालणं कॅन्सल करा' असं काकांना चारदा बजावलं होतं. मुलांनाही मेसेज केला. दुपारी पंगत बसली होती, तेवढ्यात काकूंचा फोन आला. "काका फोन उचलत नाहीयेत. तुझ्याजवळच असतील ना, दे जरा." "काकू, मी टेक्सासमध्ये आहे." त्या म्हणाल्या, "पण तुझ्याबरोबर चाललोय सांगून गेलेत ते..." तेव्हा, शेजारी जिलबी वाढत असताना, मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला आणि पोलिसांना लावला.

चार तास. मी एअरपोर्टवर बसून शिकागोचं तापमान बघत होते आणि ते उतरत होतं. शेवटी काका सापडले ते कारंज्याच्याही कितीतरी पुढे, लेकच्या दगडी पायऱ्यांवर, लाटांच्या तुषारांनी चिंब भिजलेले. नाव विचारलं तर सांगता येईना. न्यूमोनिया झाला, आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं.

सहा आठवडे मी त्या घराकडे फिरकले नाही. गेल्या शनिवारी काकूंनीच बोलावलं. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलून झालं. शेवटी मी रडतच म्हटलं, "काकू, मी तुमच्याशी खोटं बोलले. तीनदा." त्या उठल्या. दाराजवळच्या खुंटीवर काकांचं हिवाळ्याचं जाड जॅकेट होतं. ते त्यांनी उलटं करून माझ्या मांडीवर ठेवलं. अस्तराला पांढऱ्या कापडाची पट्टी शिवली होती. तिच्यावर निळ्या दोऱ्याने, बारीक टाक्यांत, काकांचं नाव, घरचा पत्ता आणि काकूंचा फोन नंबर.

"ऑगस्टात, थंडीच्या आधीच शिवलं," काकू म्हणाल्या. "ते एकाच सकाळी तीनदा चहा ठेवायला लागले, तेव्हाच कळलं मला. मला कळलंय हे त्यांना समजलं असतं, तर त्यांनी स्वतःच चालणं सोडलं असतं. म्हणून गप्प बसले. त्या रविवारी ऊन होतं, तर हे सोडून पातळ जॅकेट घालून गेले."

"मग मला का विचारायचात?"

काकूंनी जॅकेट परत घेतलं, बाह्या सारख्या केल्या आणि खुंटीला लावलं.

"एकटीला सोसवत नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "वाटायचं, तू एकदा 'नाही, ठीक नसतात' म्हणशील, आणि मग आपण दोघी बसून रडू."