ज्या तीन बाटल्यांना औषध नव्हतं

सोमवारी सकाळी शहाद्याच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये शिरले आणि डोकंच फिरलं... ज्या तीन बाटल्यांना मी काहीच दिलं नव्हतं, त्यांतलंच शेवाळ लालभडक, टरारून वाढलेलं!

समुद्रापासून इतक्या लांब लाल समुद्रशेवाळ वाढवणारी मी एकटीच वेडी. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे. नऊ बाटल्यांत समुद्राचं पाणी आणि शेवाळाचे तुकडे... सहांत वाढीचं हार्मोन, तीन नुसत्या, तुलनेसाठी. वाढायला हव्यात हार्मोनवाल्या, तर त्याच फिक्कट पडलेल्या.

मी मुळात संशयी. आधी हार्मोन विकणाऱ्यावर संशय घेतला, मग वर्गमैत्रिणीवर... शेवटी गाडी येऊन थांबली लॅब झाडणाऱ्या सुमनमावशींवर. लॅबची किल्ली त्यांच्याकडेच असते.

मग मी मार्करने प्रत्येक बाटलीवर पाण्याच्या पातळीला बारीक रेघ मारली. गुरुवारी बघते तर सहा बाटल्यांतलं पाणी रेघेखाली उतरलेलं... आणि त्या तिघींचं बरोब्बर रेघेवर! म्हणजे कोणीतरी हात लावतंय.

सरांना तक्रारीचा मेसेज टाइप करून ठेवला. मावशी कंत्राटावर आहेत, एका तक्रारीत घरी बसतील हे मला माहीत होतं. तरी टाइप केला.

शुक्रवारी मुद्दाम लवकर गेले. मावशी डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्या तीन बाटल्यांपाशीच उभ्या! मी ओरडलेच, "मावशी, काय टाकताय त्यात?"

त्या जराही दचकल्या नाहीत. "पानी शे ताई. बाकीन्यास्ले तुम्ही औषध देतस, ह्या तिन्हीस्ले काहीच देतस नही. मन्हा जीव तुटस... मंग मीच थोडं पानी टाकस."

"आणि बाकीच्यांना का नाही?"

"त्यास्मा औषध शे ना! औषध फवारेल वावरमा आम्ही हात घालतस नही."

मी स्टुलावर बसलेच. इथलं ऊन, त्यात खोलीतला एसी दिवसरात्र कोरडी हवा फेकणार... बाटल्यांतलं पाणी उडत होतं आणि मीठ तेवढंच राहत होतं; मावशींच्या बिनमिठाच्या पाण्यामुळे त्या तीनच वाचल्या होत्या. माझं शेवाळ खारटपणाने मरत होतं आणि मी चोर शोधत होते.

मेसेज पुसला. मावशींना त्यातलं काही कळलं नाही, पण मला माझीच फार लाज वाटली.

आता नऊच्या नऊ बाटल्या नव्याने लावल्यात. प्रोजेक्ट लांबला, सर चिडले... पण पाणी घालायचं काम मी मावशींकडेच दिलंय, सगळ्यांना सारखं. त्यांचा जीव तुटला नसता तर सगळं खापर हार्मोनवर फोडून मी खोटाच निष्कर्ष लिहून मोकळी झाले असते. मनापासून थँक्यू, मावशी...

काल घरी निघताना मात्र गुपचूप नऊ रेघा तपासून आले. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.