विचारून रडायचं

माझा भाऊ गेला त्या दिवशी शेजारची जिजी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी शाळेत शिकवून परत आले. तिने आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवला आणि म्हणाली, "आते नही. माले इचारीसन रडजो."

आत्ता नाही, मला विचारून रडायचं. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. सगळ्यांना समजावं म्हणून बाकीचं बोलणं मी साध्या मराठीत लिहिते आहे. पण हे वाक्य मराठीत आणलं की त्यातली जिजी निघून जाते.

ते तिने त्या दिवसापुरतं शोधलेलं नव्हतं. गुजरातेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांना पाठ होतं. नळापाशी घसरून गुडघा फोडून घेतलेल्या पोरालाही ती हेच म्हणायची, आणि ते पोर विचारात पडून गप्प व्हायचं.

तुम्ही अशा वस्तीत राहिला असाल तर अशी एखादी बाई पाहिली असेल. मरणाच्या घरी डॉक्टरच्या मागोमाग तिला बोलावणं जातं. कुणाला भिंतीशी बसवायचं, कुणाला पाणी पाजायचं, कुणाचं रडणं आता आवरायला हवं, हे ती ठरवते. एरवी जिजी नव्या साड्यांचे सुटे धागे कापायची. साड्यांचे गठ्ठे आणायची, गल्लीतल्या बायकांना वाटायची, आणि पाणी आलं की पहिल्या हंड्यासाठी रोज भांडायची. ती सुरू झाली की शेजारच्या कारखान्यातले लूम बंद पडल्यासारखे वाटतात, असं दादा म्हणायचा.

एकदा तिची बहीण अमळनेरकडून आली. आमच्याकडच्या बायका खूप दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात पडून रडतात, मग बोलतात. त्या दोघींनी असा गळा काढला की आमचा घरमालक, गुजराती माणूस, जेवण टाकून जिन्यावरून धावत खाली आला. कोण गेलं, असं त्याने घाबरून विचारलं. जिजीने डोळे पुसले. "कोई नहीं गया, सेठ. बहन आयी है," ती म्हणाली, आणि लगेच वळून बहिणीला विचारलं, चहात साखर चालते ना अजून? सेठ खरकटा हात घेऊन तसाच उभा राहिला होता.

मी शाळेत मराठी शिकवते. पुस्तकात रडणे या शब्दापुढे रुदन, विलाप, आक्रोश, आक्रंदन असे शब्द एका ओळीत येतात आणि मुलं ते पाठ करतात. गल्लीत ते असे एका ओळीत येत नाहीत. नवी सून मोरीत मुसमुसते. पुरुष पाठ फिरवून हुंदका गिळतो. लहान मूल भोकाड पसरतं, आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. हंबरडा मात्र बाहेरून येतो. मरणाच्या घरी गावाहून येणारी बाई गल्लीच्या वळणावरच हंबरडा फोडते, तशीच दारापर्यंत येते, आणि आतल्या बायका तिला तसंच उत्तर देतात. जी मुकाट्याने येते तिच्याबद्दल मग वर्षभर बोललं जातं.

त्या दिवशी आम्हाला याच रिवाजाची भीती होती.

दादाला कामावर शॉक लागला आणि तो जागीच गेला. तपासणी होऊन त्याला घरी आणायला संध्याकाळ होणार होती. वहिनीला सातवा महिना होता. त्याआधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं आणि या वेळी डॉक्टरांनी तिला हंडा उचलायलासुद्धा मनाई केली होती. वहिनीच्या माहेरी फोन गेला होता. तिची आई गाडीत बसली होती. जिजीने पुरुषांना सांगितलं, की आई येईपर्यंत पोरीला काही कळता कामा नये. तिला जे कळायचं ते आईच्या मांडीवर डोकं ठेवून कळू द्या. तोवर सांगायचं, तो दवाखान्यात आहे, येतोय शुद्धीवर. पुरुषांनी माना हलवल्या. मीही हलवली.

"तू मास्तरीण आहेस, तुला चेहरा ठेवता येतो," जिजी मला म्हणाली. "आत जा."

आत वहिनी साडीवर खडे चिकटवत बसली होती. हे तिचं घरबसल्याचं काम. पदर तिच्या मांडीवर होता आणि बाकीची साडी खोलीभर पसरली होती. मी दुसरं टोक घेऊन बसले. बरं आहे ना आता, तिने विचारलं. हो, सलाइन लावलंय, मी म्हटलं. ती पुन्हा खडे लावू लागली. खडे चिकटवायच्या त्या गमाच्या वासाने डोळ्यांत पाणी येतं. त्या दिवशी ते माझ्या कामी आलं.

खिडकीतून जिजीची पाठ दिसत होती. बायका येत होत्या, ती एकेकीच्या तोंडावर हात ठेवून परत पाठवत होती. समोरची सून रडू लागल्याचा आवाज आला, तेव्हा जिजीने तिला पलीकडच्या गल्लीत धाडून दिलं. दुपारी आमच्याकडे टीव्ही लागतात, तेही लागले नाहीत. रिक्षा थांबली की माझा हात थांबायचा. वहिनीचा थांबत नव्हता.

दुपार कलली. पाणी आलं, हंडे भरले गेले, पाणी गेलं.

मान वर न करता वहिनी म्हणाली, "ताई, आज पाणी आलं आणि कोणी भांडलं नाही."

मी पुढचा खडा उचलला.

"जिजीसुद्धा नाही."

काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तिने हात वर केला. "एवढं फूल पुरं करते," ती म्हणाली. "तोवर सांगू नका."

पाच पाकळ्यांचं फूल होतं. काडीच्या टोकाने एकेक खडा उचलून ती जागच्या जागी बसवत होती. एक वाकडा बसला, तो तिने नखाने काढून परत लावला. मी बघत राहिले. मग तिने गमाचं झाकण लावलं, बोटं पुसली आणि भिंतीला धरून उठली.

तेवढ्यात वळणावर हंबरडा उठला आणि उठता उठताच तुटला.

वहिनी दारात गेली, तिच्या मागे मी. वळणावर रिक्षा उभी होती. जिजीने वहिनीच्या आईला एका हाताने कमरेत धरलं होतं आणि दुसरा हात तिच्या तोंडावर दाबला होता. म्हातारीचे डोळे विस्फारले होते, ती सुटायला धडपडत होती. दारादारांत बायका तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या.

"जिजी, सोड तिला," वहिनी म्हणाली.

जिजीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी सांगितलेलं नाही. तरी तिचा हात निघेना.

"सोड. माझा नवरा गेलाय. तिला रडू दे."

मग हात निघाला, आणि दुपारभर थोपवलेलं सगळं एकदम फुटलं. त्याला पुस्तकातला कुठलाही शब्द चालला असता. वहिनी पायरीवर बसली, दोन्ही हात पोटावर ठेवून. ती रडली ती दादाला आणल्यावर.

मुलगी दिवस भरून झाली. जिजीच तिला रोज न्हाऊ घालायची, दोन्ही पाय पसरून, त्यावर तिला पालथी घालून. वहिनी दारात उभी राहून बघायची, बोलायची नाही. एक दिवस बोलली.

"जिजी, सगळ्या गल्लीला माहीत होतं तो गेलाय. आणि मी एकटी त्याची वाट बघत होते."

जिजीने तांब्यातलं पाणी बाळाच्या पाठीवर सोडलं. "वाट बघत होतीस म्हणून ही आली," ती म्हणाली.

वहिनीने बाळाला तिच्या पायांवरून तसंच ओलं उचललं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः न्हाऊ घालू लागली. जिजी मग दाराबाहेरूनच, दूध पिते का, असं विचारायची आणि उत्तरासाठी न थांबता जायची.

काही वर्षांनी तिच्या मुलाने तिला कडोदऱ्याला नेलं. तिथे ती वारली. फोन मला आला. मी निघाले तेव्हा वहिनी म्हणाली, "मी येत नाही." मग मी चपला घालत असताना तिने विचारलं, "तिथं रडायला कोणी आहे का?"

मुलगा होता, सून होती, आपसात गुजरातीत कुजबुजणारी नातवंडं होती. बायका हळू पावलांनी येत होत्या, हात जोडत होत्या, कुठे बसावं ते न कळून उभ्या राहत होत्या. मी जिजीच्या पायाशी बसले आणि रडले.

परत आले तेव्हा घरात स्वयंपाकाचा वास नव्हता. वहिनीची मुलगी दुकानातले पाव खात होती. आमच्याकडे घरचं माणूस गेलं तरच त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारपाजाऱ्यांसाठी ती बंद ठेवत नाहीत. मी गॅसकडे गेले तशी वहिनी म्हणाली, "आज नका पेटवू."

जिजीच्या खोलीत आता दुसरे भाडेकरू राहतात. मुलगी तिसरीत आहे. त्या दुपारी कुणाचं बरोबर होतं, यावर आमच्या घरात अजून बोलणं झालेलं नाही.