बीटाच्या रसातल्या रिंगा आणि साळवे सर

दोन-चार माणसं रोज एकाच भिंतीकडं बघत बसली की किस्से आपोआप साचतात. जालन्यातल्या आमच्या कॉलेजच्या लेझर लॅबमध्ये आम्ही तिघंच : साळवे सर, पीएचडी करणारी वैशाली आणि शिकवता शिकवता लुडबूड करणारा मी. सरांचा संशय धरला तर चौघं!

काम तसं साधं. बीटाचा पातळ रस काचेच्या डबीत भरायचा आणि त्यातून हिरवा लेझर सोडायचा. रस प्रकाश शोषतो, मधोमध तापतो आणि तापलेला भाग भिंगासारखा वागायला लागतो. मग भिंतीवरचा ठिपका फुलतो, त्याच्या एकात एक रिंगा होतात. वैशालीचा सगळा प्रबंध ह्या रिंगांवर उभा.

*

पहिल्यांदा रिंगा दिसल्या तेव्हा वैशाली आनंदानं ओरडलीच. सर शांतपणे म्हणाले, "डबी पुसल्ती का?"

"हो सर."

"कशानं?"

"ओढणीनं."

"मंग ह्या ओढणीच्या रिंगा!"

नवी डबी आणली, नीट धुतली. रिंगा पुन्हा आल्या. सरांनी डबी चारी बाजूंनी निरखली. "बराबर. आता डबीवर संशय न्हाई. आता तुझ्यावर हाय!"

*

बीट वैशालीच आणायची. एकेक उचलून उजेडात धरायची, जास्त लाल ते घ्यायची. भाजीवाल्या मावशी वैतागल्या. "सलादला एवढं कोणी बघत न्हाई, बाई!"

"सलादला न्हाई मावशी, लेझर मारायचाय."

दुसऱ्या खेपेला वैशाली लांबून दिसताच मावशींनी बीटांवर गोणपाट टाकलं!

*

एक दिवस रिंगा वरून चपट्या यायला लागल्या. सर म्हणाले, "टेबल कललंय. कोणीतरी हलवलंय." गवंड्याची लेव्हल मागवली. टेबल सरळ! मग सरांनी भिंत तपासली. तीही सरळ.

वैशाली हळूच म्हणाली, "सर, तापलेला रस वर चढून राह्यलाय. म्हणून वरची बाजू दबते."

सरांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "त्याला चढायला कोणी सांगितलं?"

*

एकदा तपासणीला एक साहेब आले. त्यांच्यासाठी कोरा चहा आला आणि नेमका त्याच वेळी वैशालीनं बीटाऐवजी प्रयोगात वापरून बघायला कोरा चहा केल्ता. दोन्ही कप शेजारी शेजारी!

"ह्यातला प्यायचा कोणता?" साहेबांनी विचारलं. सर म्हणाले, "सांगणं कठीण हाय."

साहेबांनी दोन्ही चहा डबीत भरून लेझरसमोर धरायला लावले. दोन्हींत रिंगा! मग त्यांनी पाणी मागितलं आणि तेही आधी लेझरसमोर धरून बघितलं. रिंग आली नाही, तेव्हा कुठं प्यायले.

*

आणि मग वैशालीचा व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, लॅबमध्येच. पिंपळगाव रेणुकाईहून तिचे आईवडील आल्ते, मागच्या बाकावर अंग चोरून बसल्ते. बाहेरगावचे परीक्षक होते. आम्ही सगळे चहाला गेलो, तेव्हा ते "मी जरा सेटअप बघतो" म्हणून आतच थांबले.

आम्ही परत आल्यावर ते म्हणाले, "एवढ्या सुबक रिंगा मोजल्या की नुसत्याच लिहिल्या? दाखवा."

वैशालीनं लेझर सुरू केला. भिंतीवर ठिपका. नुसता ठिपका! तिनं डबी बदलली, रस बदलला. काही नाही. तिच्या आईनं पदर तोंडाशी नेला.

"आता काय सांगता?" परीक्षक म्हणाले.

वैशालीनं लेझर बंद केला. "सर, आज रिंगा आल्या न्हाईत. का, ते मला कळलं न्हाई. तसंच लिहा."

परीक्षक हसले. पुढं होऊन त्यांनी लेझरच्या तोंडासमोरून एक काळपट काच काढली. "प्रकाश मीच कमी केल्ता. रस तापलाच नाही. रिंगा आल्या नाहीत तर तुम्ही खोटं बोलता का, तेवढं बघायचं होतं."

भिंतीवर ठिपका थरथरला, फुलला, आणि रिंगांवर रिंगा उमटल्या. मागच्या बाकावरून वडलांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली. मग आम्ही सगळ्यांनी. परीक्षकांनी वैशालीचं अभिनंदन केलं आणि काच कोटाच्या खिशात टाकली.

एकट्या साळवे सरांनी टाळी वाजवली नव्हती. त्यांनी हात पुढं केला. "ती काच आमच्या ड्रॉवरमधली हाय."

"अरे हो, विसरलोच!" परीक्षकांनी काच काढून दिली.

सरांचा हात तसाच पुढं. "अन् दुसरी?"

परीक्षकांनी कोटाच्या दुसऱ्या खिशात हात घातला.