वाल्मीकनं उचकटलेल्या सहा काचा

वाल्मीक सातवीपर्यंतच शिकलेला, पण अर्ज लिहिण्यात त्याचा हात धरणारा मुळशीत कुणी नव्हता. पिरंगुटकडच्या एका बॅटरी कारखान्याचं शिसं ओढ्यात उतरलं, तेव्हा त्यानंच बाटलीत पाणी भरून तपासून आणलं आणि प्रदूषण मंडळाच्या साहेबांच्या टेबलावर अहवाल आपटला. कारखान्याला टाळं लागलं. तेव्हापासून त्याची रीत ठरलेली, आधी नमुना, मग बोलणं.

भाद्रपदात गावच्या बुद्धविहाराच्या गच्चीवर त्याला फळीवर बसवलेल्या सहा काळपट काचा दिसल्या. पुतणी गौतमीच्या. ती पुण्यात प्रयोगशाळेत नव्या जातीच्या सोलर सेलवर काम करायची. या सेलमध्ये शिसं असतं, एवढं वाल्मीकनं मोबाइलवर वाचलं आणि त्याचं डोकं फिरलं. घरचीच पोरगी, आणि आपल्याच विहारावर शिसं! बायको गोजराबाई म्हणाली, आधी पोरीला फोन लावा. फोनवर तर कारखान्याचा मालकही गोडच बोलायचा, असं म्हणून तो पेचकस घेऊन वर गेला. एका नमुन्यावर साहेब विश्वास ठेवत नाहीत, म्हणून सहाही काचांच्या कडा उचकटल्या आणि आतला लेप खरवडून बाटलीत भरला.

चार दिवसांनी अहवाल आला. शिसं नाही. कथील.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, गौतमी काचांच्या विजेची आठवड्याची मोजणी घ्यायला आली. शिशाच्या जागी कथील वापरायचं, हेच तिचं चार वर्षांचं काम होतं. पण कथिलाला हवा लागली की लेप फिका पडतो आणि वीज बंद. ते तगावं म्हणून तिनं लेपात नवी भर घातली होती. या काचांनी मुळशीचा अख्खा पावसाळा काढला, तरच बाकीचे शास्त्रज्ञ मानणार होते. पावसाळा संपायला पंधराच दिवस उरले होते.

वाल्मीकनं काय केलं ते स्वतःच सांगितलं. ती ओरडली नाही. फळीचे स्क्रू काढता काढता म्हणाली, "शिसं नगं, हे मी तुमच्याच तोंडून शिकले, काका. येकदा इचारायचं तरी व्हतं."

"फुडच्या पावसाला परत लाव की."

"मार्चला माझी नेमणूक संपतीया."

वाल्मीक कुणाच्या बापाला न भिणारा माणूस, पण पुतणीच्या पाठीकडं बघायची हिंमत झाली नाही.

त्या आठवड्यात त्यानं तिच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना अर्ज लिहिला. मुदत वाढवून द्या, चूक माझी. आयुष्यातला हा पहिलाच अर्ज, ज्यात तक्रार करणारा तो आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तोही तोच. स्वतः जाऊन देऊन आला.

पोच मिळाली. उत्तर अजून नाही.